स्कूटरच्या इंजिनाची थरथर: इंजिन उघडण्याआधी नेमके काय तपासावे?

प्रश्न

माझ्याकडे ११० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली आणि पंख्याच्या हवेने थंड होणारी गिअरलेस स्कूटर आहे. तिची चाके १० इंची आहेत आणि आजवर ती सुमारे ४२,००० किलोमीटर धावली आहे. गेल्या दोन महिन्यांत तिच्या इंजिनाची थरथर इतकी वाढली आहे की गाडी सुरू ठेवून उभे असताना पाय ठेवण्याची जागा आणि हँडल दोन्ही हलतात आणि आरशात मागचे काहीच स्पष्ट दिसत नाही. रेस दिली की ही मोठी थरथर कमी होते. मात्र ताशी ४० ते ४५ किलोमीटरच्या आसपास वेगळीच, बारीक, तळव्यांना मुंग्या आणणारी कंपने सुरू होतात. याशिवाय थांबलेली गाडी सुटताना पहिले काही मीटर धक्के देत पुढे जाते.

मी स्पार्क प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला आणि कार्ब्युरेटर स्वच्छ करून घेतला. आयडलिंग (रेस न देता इंजिन चालण्याची गती) वाढवून पाहिले तेव्हा थरथर थोडी कमी झाली, परंतु मेन स्टँडवर मागचे चाक आपोआप जोरात फिरू लागले, म्हणून ते पुन्हा पूर्वीइतके केले. दोन महिन्यांपूर्वी बेल्ट आणि रोलर बदलून घेतले होते. ज्यांनी ते काम केले त्यांचे म्हणणे असे की क्रँकचे (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेले आहे आणि संपूर्ण इंजिन उघडावे लागेल. ते खरे असेल तर माझी तयारी आहे, पण त्याआधी मला घरी करता येतील अशा कोणत्या तपासण्या आहेत? माझ्याकडे पान्यांचा संच, टॉर्क पाना (ठरावीक जोराने नट आवळणारा), फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि या मॉडेलचे दुरुस्ती-पुस्तक आहे.

प्रतिसाद १

आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे निम्मे काम सोपे झाले आहे. आपण ज्याला एक थरथर म्हणत आहात ती मला तीन वेगवेगळी कंपने वाटतात, आणि तिन्हींचे कारण एकच असेल असे गृहीत धरून इंजिन उघडणे मला घाईचे वाटते.

पहिली गोष्ट अशी की एका सिलिंडरचे इंजिन मुळात थरथरणारच. पिस्टन वर-खाली होताना जो जोर निर्माण होतो तो क्रँकवरच्या प्रतिभाराने (तोल साधणाऱ्या वजनाने) पूर्णपणे संपवता येत नाही. वर-खालीचा जोर पूर्ण मिटवायला गेले की तोच प्रतिभार पुढे-मागे तितकाच जोर निर्माण करतो. म्हणून पिस्टनच्या वजनाचा साधारण निम्मा भाग तेवढा तोलला जातो आणि उरलेली थरथर चौकटीपर्यंत पोहोचू नये म्हणून इंजिन रबरी बुश (रबरात बसवलेली धातूची नळी) असलेल्या हँगरवर, म्हणजे चौकटीला जोडणाऱ्या दुव्यावर, टांगलेले असते. त्यामुळे इंजिन का थरथरते याच्या आधी विचारायला हवे ते हे, की कालपर्यंत वाटेत अडत असलेली थरथर आज आपल्या पायांपर्यंत कशी येते.

दुसरी गोष्ट कंपनांच्या गतीची. आपल्या दुरुस्ती-पुस्तकात आयडलिंग बहुधा मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या आसपास दिलेले असेल. म्हणजे क्रँक सेकंदाला साधारण २८ वेळा फिरतो आणि फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दर दोन फेऱ्यांनी एकदा होत असल्यामुळे सेकंदाला १४ स्फोट होतात. याउलट १० इंची रिमच्या चाकाचा घेर टायरसकट साधारण १.३५ मीटर असतो, त्यामुळे ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जेमतेम ८ वेळा फिरते, तर त्याच वेळी इंजिन सेकंदाला ८० ते ९० वेळा फिरत असते. हा फरक हाताला आणि पायाला सहज कळतो. चाकाचा किंवा टायरचा दोष असेल तर कंपने मोजता येतील इतकी संथ, डुलल्यासारखी येतात. इंजिनाचा दोष असेल तर ती गुणगुणल्यासारखी बारीक येतात. आपण मुंग्या येतात असे लिहिले आहे, त्यावरून ४० च्या वेगाचे कंपन चाकाचे नसून इंजिनाच्या गतीने फिरणाऱ्या एखाद्या भागाचे असावे असा माझा कयास आहे.

हे पक्के करण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ४० चा वेग घ्यावा, इंजिन बंद करावे आणि गाडी नुसती घरंगळू द्यावी. कंपने थांबली तर दोष इंजिनाकडे, राहिली तर चाक, टायर किंवा चाकाच्या बेअरिंगकडे.

त्यानंतरची तपासणी अधिक महत्त्वाची आहे. डाव्या बाजूचे आवरण उघडून बेल्ट काढावा, पुढच्या पुलीची बाहेरची थाळी परत बसवून तिचा नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळावा, आवरणही परत लावावे आणि बेल्टविना इंजिन सुरू करावे. हे उघड्या जागेत करावे, कारण धूर बंद खोलीत जीवघेणा ठरतो. इंजिन फक्त आयडलिंगवर किंवा त्याहून किंचित जास्त चालवावे. भार नसताना जोरात रेस देऊ नये. सैल सुटलेली पुली थोडी खडखडेल, तो आवाज सोडून द्यावा. बेल्टविनाही तितकीच थरथर राहिली, तर बेल्ट, मागची पुली आणि क्लच हे सारे उभ्या गाडीच्या थरथरीपुरते एका झटक्यात संशयातून मोकळे होतात.

आणखी एक निरीक्षण करावे: उभ्या गाडीची थरथर एकसारखी आहे की ती मधूनच दचकते? दचकत असेल तर ती एखादा स्फोट चुकल्याची खूण आहे. मग इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे आपण ज्याला टॅपेट म्हणतो ते, फीलर गेजने तपासावे, आणि कार्ब्युरेटर व सिलिंडर यांच्यामधल्या रबरी नळीला चिरा आहेत का ते नळी वाकवून पाहावे. चालू इंजिनात त्या जोडावर साबणाचे पाणी फवारले आणि आयडलिंग बदलले, तर तिथून हवा आत जाते आहे असे समजावे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातील विवेचन मला पटते, पण घरंगळण्याच्या तपासणीत एक दुरुस्ती आवश्यक आहे. धावत्या गाडीचे इंजिन बंद केले तरी सेंट्रिफ्युगल क्लच (फिरण्याच्या गतीने आपोआप जोडला जाणारा) लगेच सुटत नाही. क्लचचे शू (घर्षणाने पकडणारे तुकडे) मागच्या पुलीबरोबर फिरत असतात. ते एकदा क्लच बेलला (चाकाला जोडलेल्या वाटीसारख्या भागाला) चिकटले की चाकच त्यांना फिरवत राहते आणि वेग बराच उतरेपर्यंत बेल्ट, व्हेरिएटर (पुढची पुली) आणि क्रँक हे सगळे चाकाच्या ओढीने फिरतच राहतात. म्हणजे जे वेगळे करायचे तेच जोडलेले राहते, आणि निष्कर्ष चुकतो. शिवाय चालत्या गाडीत किल्ली फिरवणे धोक्याचे आहे, कारण हँडल लॉक होऊ शकते. त्याऐवजी रहदारी नसलेल्या उतारावर, इंजिन बंद ठेवून पण किल्ली चालू स्थितीत ठेवून, गाडी थांबलेल्या अवस्थेतून घरंगळू द्यावी. अशा वेळी फक्त बेल फिरते, शू स्थिर राहतात आणि चाकाची खरी अवस्था कळते.

मी स्वतः दोन स्कूटरचे हँगर बुश बदलले आहेत, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिन, बेल्टची पेटी आणि मागचे चाक हा एकच सांगाडा असतो. तो पुढे हँगरला आणि मागे शॉक अॅब्सॉर्बरला जोडलेला असतो आणि खड्ड्यात चाकाबरोबर संपूर्ण इंजिन वर-खाली होते. त्यामुळे हँगरच्या बुशना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: इंजिनाची थरथर शोषायची आणि मागच्या चाकाचा धक्काही झेलायचा. उष्णता आणि तेल यांनी रबर आधी कडक होते, मग धातूच्या नळीपासून सुटते, आणि शेवटी धातूवर धातू टेकतो. आयडलिंगला खूप थरथर आणि रेस दिल्यावर कमी, हे लक्षण बहुतेक वेळा इथलेच असते, कारण कमी गतीला इंजिनाचा झोका मोठा असतो आणि टेकलेला धातू तो जसाच्या तसा चौकटीला देतो.

तपासणीसाठी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, मागचे चाक धरून बाजूला, पुढे-मागे आणि वर असे हलवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने बॅटरीच्या उजेडात हँगरकडे पाहावे. बुशमधली नळी रबराच्या मध्यभागी आहे की एका बाजूला बसली आहे, हे दिसते. हँगर आणि चौकट यांच्यामध्ये अनेक मॉडेलांत एक छोटा अडसर-रबर असतो. तो झिजून किंवा गळून पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. चौकटीवर रंग उडून धातू चकाकत असेल, तर तिथे काहीतरी टेकते आहे हे नक्की.

नवे बुश बसवताना एक काळजी घ्यावी. नट प्रथम सैलच ठेवावेत आणि गाडी दोन्ही चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना शेवटचा टॉर्क द्यावा. इंजिन लोंबकळत असताना नट आवळले तर रबर पीळ बसलेल्या अवस्थेत अडकते आणि नवे असूनही लवकर फाटते.

सायलेन्सरचे बोल्टही पाहावेत. एक बोल्ट सैल असला तरी ठरावीक गतीला पूर्ण गाडी गुणगुणते, आणि ते शोधायला दोन मिनिटे पुरतात.

प्रतिसाद ३

क्रँकची शक्यता इतक्या लवकर सोडून देऊ नये असे माझे मत आहे. ४२,००० किलोमीटरनंतर मुख्य बेअरिंग झिजणे अशक्य नाही. पण ते इंजिन न उघडताही बऱ्याच अंशी कळते. उजव्या बाजूचे पंख्याचे आवरण काढावे आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढून पाहावे. वर-खाली जराही खटका लागता कामा नये. मग प्लग काढून फ्लायव्हील हळूहळू फिरवावे. बेअरिंग खराब असेल तर हाताला वाळू भरडल्यासारखे जाणवते.

बेल्ट बदलताना पुढच्या पुलीचा नट कसा सोडला, हेही जाणून घ्यावे. या इंजिनांचा क्रँक दाबून जोडलेल्या भागांचा असतो. पुली धरण्याचे योग्य साधन न वापरता, प्लगच्या भोकातून काहीतरी घालून पिस्टन अडवून नट जोराने सोडवला, तर क्रँकचे दोन भाग एकमेकांच्या तुलनेत किंचित पिळले जाऊ शकतात आणि त्यानंतर इंजिन कायमचे थरथरते. हे डायल गेजने (फिरणाऱ्या भागाचा सूक्ष्म हेलकावा दाखवणाऱ्या मापकाने) क्रँकच्या टोकाशी मोजता येते. पुस्तकात दिलेली मर्यादा सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून अधिक नसते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर निर्णय घेऊ नये.

प्रश्नकर्त्याकडून

तिघांचेही आभार. सुट्टीच्या दिवशी क्रमाने सर्व तपासण्या केल्या.

उतारावर थांबलेल्या अवस्थेतून गाडी सोडली. ताशी ३५ पर्यंत चाक अगदी शांत होते. बेल्ट काढून इंजिन चालवले तेव्हा उभ्या गाडीची थरथर जशीच्या तशी होती, आणि ती एकसारखी होती, दचकणारी नव्हती. टॅपेट पुस्तकातल्या मापात निघाले. मागचे चाक हलवून पाहिल्यावर हँगरच्या डाव्या बुशमधली नळी तळाशी टेकलेली स्पष्ट दिसली आणि अडसर-रबर तर जागेवर नव्हताच. दोन्ही बुश आणि अडसर-रबर नवे बसवले, गाडी चाकांवर उभी करून नट आवळले. आयडलिंगची थरथर जवळजवळ गेली.

परंतु ताशी ४० च्या आसपासची बारीक कंपने आणि सुटताना बसणारे धक्के मात्र तसेच आहेत. पंख्याचे आवरण काढले तेव्हा फ्लायव्हीलला कोणताही खटका नव्हता आणि ते मऊ फिरत होते. मात्र पंख्याचे एक पाते मुळापासून तुटलेले आढळले. एवढ्याशा प्लास्टिकच्या पात्याने इतके कंपन होऊ शकते का?

प्रतिसाद १

घरंगळण्याच्या तपासणीबाबत प्रतिसाद २ मधील दुरुस्ती बरोबर आहे. क्लच चिकटून राहतो हे माझ्या लक्षात आले नाही.

पंख्याविषयी आपण आकडेमोडच करून पाहू. पाते ३ ग्रॅमचे आहे आणि त्याचा मध्य फिरण्याच्या केंद्रापासून ५० मिलिमीटरवर आहे असे धरू. तोल गेल्यामुळे निर्माण होणारा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला १,७०० फेऱ्यांना तो साधारण ५ न्यूटन, म्हणजे अर्धा किलो वजनाइतका भरतो, आणि इंजिनाच्या मूळच्या थरथरीत तो हरवून जातो. त्याच्या तिप्पट गतीला, म्हणजे ५,१०० फेऱ्यांना, तो नऊपट होऊन सुमारे ४३ न्यूटनवर जातो. चार किलोहून अधिक वजनाचा ओढा सेकंदाला ८५ वेळा दिशा बदलत क्रँकच्या टोकावर बसतो आहे, असे डोळ्यांसमोर आणावे. आपण सांगितलेल्या बारीक कंपनांशी हे नेमके जुळते: आयडलिंगला जाणवत नाही आणि वेगाबरोबर वाढत जाते.

पंखा पूर्ण बदलावा. समोरचे पाते कापून तोल साधण्याचा उपाय काही जण सुचवतात, पण तो करू नये. हवा कमी पडते आणि या इंजिनाला थंड करणारी दुसरी सोय नाही. तुटलेला तुकडा मात्र शोधलाच पाहिजे. तो सिलिंडरभोवतीच्या आवरणात अडकून पंखपट्ट्यांमधली हवेची वाट अडवत असेल, तर इंजिन तापेल. नवा पंखा लावताना सगळे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाते कुठे घासत नाही ना ते पाहावे.

प्रतिसाद २

सुटतानाच्या धक्क्यांचा हँगरशी किंवा पंख्याशी संबंध नाही. ते क्लचचे आहेत. इंजिन मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या आसपास गेले की शू बेलला धरू लागतात, आणि शूचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल किंवा त्यावर तेलकटपणा असेल तर ते धरतात, घसरतात, पुन्हा धरतात. पूर्ण धरल्यावर धक्के थांबतात, म्हणून ते पहिल्या काही मीटरांतच जाणवतात.

आपण बेल्ट बदलल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर मागची पुली अवश्य पाहावी. तिच्या सरकत्या भागात थोडे ग्रीस भरायचे असते. ते जास्त भरले किंवा आतले सील नीट बसले नाही, तर फिरताना ग्रीस बाहेर फेकले जाते आणि बेल्ट व शू दोन्हींवर उडते.

बेल काढून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसावी. हवेच्या झोताने उडवू नये, ती श्वासात जाणे चांगले नाही. बेलचा आतला व्यास व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजावा. मापे एकमेकांपासून वेगळी येत असतील तर बेलचा गोलावा गेला आहे. शू नुसते चकाकत असतील तर बारीक पॉलिश कागदाने वरचा थर हलकेच काढावा, पण ग्रीस मुरले असेल तर ते बदलणेच योग्य, कारण पुसलेले ग्रीस तापल्यावर पुन्हा वर येते. क्लच पुलीपासून वेगळा करायचा असेल, तर मधला मोठा नट सोडण्याआधी स्प्रिंग दाबून धरणारे साधन लावलेच पाहिजे. त्या नटामागे जाड स्प्रिंग ताणात असते आणि ती सुटली तर गंभीर इजा होते.

प्रश्नकर्त्याकडून

काम पूर्ण झाले, म्हणून जे आढळले ते इथे नोंदवतो.

पात्याचा तुकडा सिलिंडरच्या आवरणात खाली अडकलेला सापडला. पंखा बदलल्यावर ताशी ४० ची कंपने पूर्णपणे थांबली. बेल उघडली तेव्हा मागच्या पुलीतून बाहेर आलेल्या ग्रीसची रेघ शूपर्यंत गेलेली दिसली. तीनपैकी दोन शू ओले होते. स्प्रिंगचे साधन माझ्याकडे नसल्याने तेवढा भाग एका अनुभवी कारागिराकडून उघडून घेतला, सील बदलले, ग्रीस पुस्तकात सांगितले आहे तितकेच भरले आणि शूचा नवा संच बसवला. बेलची मापे चारही ठिकाणी सारखी आली, म्हणून ती ठेवली. बेल्टच्या कडेलाही थोडे ग्रीस लागले होते. ते पुसून बेल्ट त्याच्यावरील बाणाच्या दिशेने परत लावला. पहिल्या दिवशी गाडी सुटताना किंचित कुरकुरत होती, पण शे-दीडशे किलोमीटरनंतर तीही कुरकुर गेली.

क्रँकला हात लावावा लागला नाही. तरीही प्रतिसाद ३ मधील सूचनेप्रमाणे डायल गेज मागवून टोकाशी माप घेतले, ते ०.०३ मिलिमीटर आले आणि पुस्तकातील मर्यादेच्या आत आहे. आयडलिंगला आरसा अजून थोडासा हलतो, पण मागच्या वाहनाचा क्रमांक वाचता येतो. ही उरलेली थरथर दुरुस्त करण्यासारखी आहे का?

प्रतिसाद २

नाही, ती या इंजिनाची स्वतःची आहे. फक्त ५०० किलोमीटर झाले की हँगरचे नट, गाडी चाकांवर उभी ठेवूनच, टॉर्क पान्याने एकदा तपासावेत, आणि त्याच वेळी बेल्टच्या पेटीत पुन्हा ग्रीस दिसत नाही ना, तेही पाहून घ्यावे.